उल्लंघनाचा चित्रपट : एक धर्मशास्त्रीय परीक्षण

'उल्लंघन' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या व सातव्या अध्यायांचे विवरण ज्याने वर्गात ऐकले आहे किंवा मंडळीपुढे केले आहे, त्यास नियमशास्त्र व उल्लंघन यांचे नाते नव्याने समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. उल्लंघन स्वबळावर उभे राहत नाही. ज्या नियमाला ते तुडवते त्याच नियमाने त्याला नाव व आकार दिलेला असतो. हाच शब्द 1985 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड ह्या त्या काळच्या दरिद्री वस्तीतील काही तरुणांनी आपल्या चित्रपटांचे निशाण म्हणून उभारला. निक झेड हा त्यांचा प्रवक्ता. 'सिनेमा ऑफ ट्रान्सग्रेशन', म्हणजे उल्लंघनाचा चित्रपट, ह्या नावाचा जाहीरनामा त्याने स्वतःच चालविलेल्या 'अंडरग्राउंड फिल्म बुलेटिन' ह्या छोट्या पत्रिकेत ओरायन जेरिको ह्या टोपणनावाने छापला. आपल्या बंडाला नाव देताना त्याला यरीहो नगराची आठवण झाली असेल काय, असा प्रश्न पवित्र शास्त्राच्या वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

असल्या चित्रपटांशी देवाच्या सेवकांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पूर्वी हे चित्रपट पाहावयाचे तर महानगरातील एखाद्या तळघरात किंवा मद्यगृहाच्या मागल्या खोलीत जावे लागे. आज ते आपल्या तरुणसंघातील मुलांच्या खिशातील फोनवर येतात, आणि त्यांविषयी मुले आपणांस विचारीत नाहीत, कारण आपले उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. परंतु याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. ह्या परंपरेतील निदान एका चित्रपटाने असा एक प्रश्न मांडला आहे की जो पाळकाच्या अभ्यासिकेत व धर्मगुरूच्या पापनिवेदन-कक्षात वारंवार येतो आणि ज्याचे उत्तर आपण फार घाईने देतो : ज्याच्यावर अत्याचार झाला त्याने क्षमा करावी काय, आणि तसे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला?

प्रथम परंपरेविषयी थोडेसे. अशा चित्रपटांचे भांडवल म्हणजे काही शे, फार तर काही हजार डॉलर. कॅमेरा घरगुती, 8 किंवा 16 मिलिमीटरचा. नट म्हणजे मित्रमंडळी. चित्रीकरणाचे स्थळ म्हणजे घराची गच्ची. जॅक स्मिथ याने 1962 मध्ये न्यूयॉर्कमधील एका जुन्या चित्रपटगृहाच्या गच्चीवर, मुदत संपलेल्या फिल्मवर 'फ्लेमिंग क्रीचर्स' चित्रित केला. त्यात स्त्रीवेशातील पुरुष व विवस्त्र देह यांचा एक पांढुरका, धुरकट जल्लोष आहे. कथा म्हणावी अशी नाही. मार्च 1964 मध्ये पोलिसांनी तो जप्त केला, तो दाखविणारे जोनास मेकस व केन जेकब्स यांना अटक झाली व पुढे दोषी ठरविण्यात आले. सुझन सोंटाग हिने त्याच वर्षी त्याच्या समर्थनार्थ लेख लिहिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1967 मध्ये तेथे निकालाविनाच संपले. 1968 मध्ये न्यायमूर्ती फोर्टास यांच्या सरन्यायाधीशपदाला विरोध करण्यासाठी हाच चित्रपट सेनेटच्या सदस्यांना मुद्दाम दाखविण्यात आला. काही शे डॉलरांत झालेल्या चित्रपटाचे एवढे राजकारण झाले, याचे श्रेय त्याच्या गुणांपेक्षा त्यावर बंदी घालणाऱ्यांनाच अधिक द्यावे लागेल. येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. त्याच केन जेकब्सने 1966 मध्ये गरीब कलावंतांसाठी मिलेनियम फिल्म वर्कशॉप सुरू केले ते सेंट मार्क्स चर्चच्या आश्रयाने. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसाला सुमारे दोन वर्षांनी एका देवालयाने जागा दिली.

झेडच्या जाहीरनाम्याकडे वळू. तो आवेशाने लिहिला आहे. चित्रपटविद्येच्या शाळांचा व कंटाळवाण्या कलाचित्रपटांचा त्यात धिक्कार आहे, विनोदाची मागणी आहे, आणि रक्त, लज्जा, वेदना व उन्माद यांचे आश्वासन आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग शेवटचा. मरणोत्तर जीवन नसल्यामुळे प्रार्थना, आज्ञापालन व सत्तेपुढील लोटांगण हाच खरा नरक होय आणि पाप व बंड हाच खरा स्वर्ग होय, अशा आशयाचे प्रतिपादन तो करतो. म्हणजे ज्या घरातून तो बाहेर पडल्याचे सांगतो त्याच घराची भांडी तो वापरीत आहे. स्वर्ग, नरक, पाप हे शब्द सोडून दिले तर त्याच्या बंडाला बोलावयास भाषाच उरत नाही. आणि काहीही पवित्र नाही हे एकदा मान्य केल्यावर उल्लंघन कशाचे करावयाचे? पौलाचा युक्तिवाद येथे नकळत सिद्ध होतो. ह्या मंडळींच्या पुष्कळ चित्रपटांचा दोष अश्लीलता हा नव्हेच, ते लवकर कंटाळवाणे होतात हा होय. दहाव्या मिनिटाला ओलांडण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. रिचर्ड कर्नचे बरेचसे चित्रपट मी ह्याच वर्गात घालीन. झेडच्याच 'पोलीस स्टेट' (1987) ह्या लघुपटाचे मात्र तसे होत नाही. एका तरुणाला पोलीस विनाकारण रस्त्यात अडवतो, चौकीवर नेतो, आणि तेथे त्याचा छळ होतो, एवढीच गोष्ट. पण तेथे नियम कोणी मोडला हा प्रश्न खरा आहे, म्हणून चित्रपटही खरा वाटतो.

झेडच्या आधी, मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी, जॉन वॉटर्स हा असेच चित्रपट काढीत होता. त्याची गोष्ट आपणां धर्मशिक्षकांना थोडी झोंबणारी आहे. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी 1930 नंतरच्या दशकात 'लीजन ऑफ डीसन्सी' ही संस्था उभी केली. ती चित्रपटांची वर्गवारी करी, निषिद्ध ठरलेल्यांना शेवटच्या वर्गात टाकी, आणि श्रद्धावंतांकडून ते न पाहण्याची प्रतिज्ञा वदवून घेई. वॉटर्सने सांगितले आहे की लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात भगिनी ही निषिद्ध यादी वाचून दाखवीत, आणि कोणते चित्रपट पाहावयाचे हे त्याला त्या यादीवरूनच कळले. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता याविषयी शंका नाही. परंतु मुलाला वर्गातून केवळ यादीच मिळाली, चित्रपट कसा पाहावा हे मिळाले नाही.

पुढे ह्या मुलाने वडिलांकडून 5,000 डॉलर उसने घेऊन 'मल्टिपल मेनियाक्स' (1970) काढला. त्यात डिव्हाइन ह्या नटाने साकारलेली गुन्हेगार स्त्री देवालयात शिरते, आणि तेथे जपमाळेची अत्यंत किळसवाणी विटंबना होते. तिच्या मधूनमधून ख्रिस्ताच्या दुःखसहनाची दृश्ये, क्रूसाच्या वाटेतील स्थाने, हौशी नाटकाच्या थाटात दाखविली आहेत. हे दृश्य मला निंद्य वाटते आणि तसे मी स्पष्ट लिहितो. तथापि एक निरीक्षण नोंदविले पाहिजे : ती स्थाने त्याने नीट क्रमाने, बालपणी पाठ झालेल्या तपशिलानिशी दाखविली आहेत, आणि तेवढ्यापुरता चित्रपटाचा उपहास जणू स्वतःलाच विसरतो. धर्मशिक्षणाने ज्याला घडविले नाही त्याला अशी विटंबना सुचणारही नाही. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की वॉटर्सचे आरंभीचे चित्रपट प्रथम दाखविले गेले ते बाल्टिमोरमधील चर्चच्या सभागृहांत. 'मल्टिपल मेनियाक्स' तेथील युनिटेरियन चर्चमध्ये. मेरीलँडचे परीक्षण मंडळ तेव्हा कडक होते. अमेरिकेतील असे शेवटचे राज्य मंडळ म्हणून ते 1981 पर्यंत टिकले. वॉटर्सचा पुढचा प्रवास आपणांस येथे नको. त्याने हसविण्याचा मार्ग धरला आणि काळाने त्याला प्रतिष्ठित केले.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास घेतला तो. एबल फेरारा याचा जन्म 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, कॅथलिक कुटुंबात झाला. स्वस्त भयपटांतून तो वर आला. 1992 सालचा त्याचा 'बॅड लेफ्टनंट' सुमारे 10 लाख डॉलरांत, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लरीत, बहुतांशी रस्त्यावर व हातातल्या कॅमेऱ्याने घडला. प्रौढांखेरीज इतरांस पूर्ण मनाई करणारे प्रमाणपत्र त्याला मिळाले. पटकथा फेराराबरोबर झोई लुंड हिने लिहिली. ती हेरॉइनच्या व्यसनात होती व 1999 मध्ये, चाळिशीही न गाठता, वारली. हे तिचे चरित्र सांगण्याचे कारण एवढेच की चित्रपटातील व्यसनाची दृश्ये बाहेरून पाहिलेली नाहीत; लेफ्टनंटच्या दंडात सुई टोचणाऱ्या स्त्रीची भूमिका तिनेच केली आहे.

नायकाला नाव नाही. हार्वी कायटेलने उभा केलेला हा पोलीस अधिकारी चोर, व्यसनी, जुगारी आणि व्यभिचारी आहे. आरंभी तो आपल्या दोन मुलांना मोटारीने शाळेत सोडतो आणि ती उतरताच मोटारीतच अमली पदार्थ हुंगतो. बेसबॉलच्या सात सामन्यांच्या मालिकेवर तो पैजा लावतो. न्यूयॉर्कचा संघ पहिले तीन सामने हरला आहे. लेफ्टनंट त्याच्या विरुद्ध पैसे लावतो, आणि तो संघ एकामागून एक सामने जिंकू लागतो. दर वेळी तो पैज दुप्पट करतो. तीन सामने हरून मालिका जिंकल्याचे उदाहरण अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांत त्या काळापर्यंत घडलेले नव्हते. ते प्रत्यक्षात 2004 मध्ये प्रथम घडले. म्हणजे दिग्दर्शकाने जाणूनबुजून अशक्य ते घडविले आहे. मेलेले पुन्हा उठणार नाही, ह्यावर ह्या माणसाने आपले सर्वस्व लावले आहे. रेडिओवरील समालोचन संपूर्ण चित्रपटभर पार्श्वभूमीला चालू असते आणि हळूहळू ते भविष्यवाणीसारखे ऐकू येऊ लागते. मला तर हा रूपकाचा भाग पुढे येणाऱ्या दृष्टान्ताच्या प्रसंगापेक्षाही सरस वाटतो, कारण तो कोठेही रूपक म्हणून पुढे येत नाही.

शहराच्या स्पॅनिश वस्तीतील एका देवालयात दोन तरुण वेदीपाशी एका धर्मभगिनीवर बलात्कार करतात व पवित्र प्याला चोरतात. (न्यूयॉर्कमध्ये 1981 साली घडलेला एक खरा गुन्हा ह्यामागे आहे.) गुन्हेगारांना पकडून देणाऱ्यास 50,000 डॉलरांचे बक्षीस जाहीर होते. लेफ्टनंटला ते कर्ज फेडण्यासाठी हवे आहे. मग तो त्या भगिनीचे पापनिवेदन चोरून ऐकतो. कॅथलिक धर्मनियमसंहितेच्या 983व्या नियमाप्रमाणे पापनिवेदनाची गुप्तता जशी धर्मगुरूवर तशी ते कोणत्याही प्रकारे कानी पडलेल्या माणसावरही बंधनकारक असते; लेफ्टनंट मात्र त्याचा उपयोग करावयास निघतो. तो काय ऐकतो? ती त्या दोघांना ओळखते पण नावे सांगत नाही. ती त्यांना गरजूंमध्ये मोजते. गरजू माणसे पुष्कळदा उद्धट असतात आणि हिसकावून घेतात, असे ती म्हणते. काना येथे पाण्याचा द्राक्षारस झाला तसे त्यांच्या द्वेषाचे प्रेमात रूपांतर करणे आपणांस साधले नाही, हेच तिला आपले पाप वाटते. फ्रँकी थॉर्न हिने हे संथ, जवळजवळ सपाट स्वरात म्हटले आहे, आणि त्यामुळेच ते ऐकवत नाही.

नंतर देवालयात दोघांची गाठ पडते. लेफ्टनंट तिला सांगतो की मी न्यायालयाच्या फंदात न पडता त्यांना खरी शिक्षा देईन. ती म्हणते, मी क्षमा केली आहे. तेव्हा हा भ्रष्ट माणूस तिला जे विचारतो ते चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते त्याच्या तोंडी घातले ही लेखिकेची मोठी समज. ह्या मुलांनी उद्या दुसऱ्या स्त्रियांवर हाच प्रसंग आणला तर? तुझ्या क्षमेमागून रक्त वाहील. ते ओझे तुला पेलेल काय? तुला तो अधिकार आहे काय? भगिनी युक्तिवाद करीत नाही. येशूशी बोल, प्रार्थना कर, असे सांगून ती आपली जपमाळ त्याच्या हाती देते व निघून जाते.

तो जमिनीवर कोसळतो. जनावरासारखा ओरडतो. मान वर करतो तो मधल्या वाटेवर रक्तबंबाळ ख्रिस्त उभा असतो, काही न बोलता. तो त्याच्या अंगावर जपमाळ फेकतो, शिव्या देतो, तू इतका वेळ कोठे होतास म्हणून विचारतो, मग आपल्या दुर्बलतेची कबुली देत सरपटत जाऊन त्याच्या पायांचे चुंबन घेतो. आणि पाहतो तो समोर चोरलेला प्याला हातात घेतलेली वस्तीतील एक वृद्ध कृष्णवर्णी स्त्री. तो प्याला तिच्या नवऱ्याच्या दुकानात गहाण आला होता. तिच्याकडूनच त्याला त्या मुलांचा ठिकाणा कळतो. दृष्टान्त व गहाणवटीचे दुकान यांची ही गाठ उत्तम घातली आहे. कायटेलचा आक्रोश मात्र काही क्षण अभिनयाच्या प्रदर्शनाकडे झुकतो, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

तो मुलांना पकडतो, बेड्या घालतो, त्यांच्याबरोबर बसून सामना पाहतो, त्यांच्याच चिलमीतून व्यसनही करतो. मग त्यांना बस-स्थानकावर नेऊन, स्वतःला वाचवू शकले असते असे 30,000 डॉलर एका सिगारच्या डब्यात देऊन, परत येऊ नका म्हणत बसमध्ये बसवून देतो. थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या मोटारीत, दुसऱ्या मोटारीतून कोणी त्याला गोळी घालतो. कॅमेरा रस्त्यापलीकडे स्थिर उभा आहे. काही वेळ कोणाच्या लक्षातच येत नाही. मग माणसे जमू लागतात.

झेडच्या जाहीरनाम्याशी ह्याची तुलना केली म्हणजे फेराराचे यश कशात आहे ते कळते. सर्व चित्रपटभर लेफ्टनंट एकामागून एक आज्ञा मोडतो आणि त्यात नवे काहीच घडत नाही. पापाचा कंटाळा इतक्या निष्ठेने क्वचितच दाखविला गेला असेल. खरी मर्यादा ओलांडते ती धर्मभगिनी. न्यायाने आखलेली रेघ ती ओलांडते, आणि तिच्या त्या एका कृतीने शहरातील सारा हिशेब, पैजेचा, बक्षिसाचा, सूडाचा, विस्कटून जातो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील वडील भावाला जो राग आला तोच राग प्रेक्षकाला येतो, आणि आला पाहिजे.

परंतु येथेच थांबून चालणार नाही. चित्रपटावर माझे दोन आक्षेप आहेत. बलात्काराचे दृश्य तांबड्या प्रकाशाच्या झगमगाटात, मध्येच क्रूसावरील ख्रिस्ताची किंकाळी घालून चित्रित केले आहे. तेथे दिग्दर्शक स्वस्त भयपटाकडे परत गेला आहे. त्या स्त्रीचे दुःख क्षणभर शोभेची वस्तू होते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भगिनीची क्षमा ही अखेर एका पुरुषाच्या तारणाचे साधन ठरते. जपमाळ देऊन ती गेल्यावर तिचे काय झाले हे दिग्दर्शकाला जाणून घ्यावयाचे नाही. ती रात्री झोपते काय, तिचा मठ तिच्याशी कसा वागतो, ह्याविषयी एक शब्द नाही. आणि तिला क्षमा करावयास कोणी सांगितले नव्हते, हा मुद्दा तर प्रेक्षकाच्या नजरेतून सहज निसटतो. तिच्या धर्मगुरूने नाही, वरिष्ठ भगिनीने नाही. ती आपण होऊन करते. क्षमेची ही कथा प्रवचनात वापरण्याचा मोह ज्यास होईल त्याने हे प्रथम ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मभगिनींवर धर्मगुरूंकडून व बिशपांकडूनही अत्याचार झाल्याचे उघड मान्य केले. ज्या संस्थेच्या छायेत असे घडले तिचा सेवक पीडित स्त्रीपुढे बसून क्षमेचा उपदेश करू लागला, तर तो येशूच्या नव्हे, आरोपीच्या बाजूने बोलत असण्याचा संभव अधिक. लेफ्टनंटने विचारलेला प्रश्नही चित्रपटात अनुत्तरितच राहतो. बस कोठे जाते हे आपणांस दाखविलेले नाही. त्या गावी स्त्रिया आहेतच. मुलांना शासनाच्या हाती देऊनही त्यांना क्षमा करता येते, हा मार्ग फेराराच्या कल्पनेत आलेला दिसत नाही, आणि तो पुष्कळ प्रवचनकारांच्याही कल्पनेत येत नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी याने हा चित्रपट त्या दशकातील आपल्या आवडत्या दहांमध्ये गणला होता. फेरारा पुढे बौद्ध मताकडे वळला, तरी मरिया मग्दालिया (2005) व पाद्रे पिओ (2022) हे विषय त्याला सुटले नाहीत.

हा चित्रपट मंडळीच्या सभागृहात दाखविण्याजोगा नाही, तरुणसंघात तर मुळीच नाही. मुलांनी तो पाहिला असल्याचे कळले तर मात्र रागावण्याआधी त्यांना काय दिसले ते विचारावे. भाड्याच्या व्हिडिओसाठी त्याची एक काटछाट केलेली प्रतही निघाली होती. चर्चेसाठी पाहणाऱ्याने मूळ प्रतच पाहावी. ज्या पाळकास किंवा धर्मगुरूस तो पाहावासा वाटेल त्याने एकट्याने पाहू नये. दोघे-तिघे समवयस्क सेवक असावेत आणि त्यांत एखादी भगिनी किंवा अत्याचारग्रस्त स्त्रियांमध्ये काम केलेली बाई अवश्य असावी. धर्मभगिनीच्या पापनिवेदनाचा प्रसंग संपला की तेथे चित्रपट थांबवावा आणि तिने काय ऐकले ते, पुरुषांनी बोलावयास लागण्यापूर्वी, आधी तिला सांगू द्यावे.